अस्तुरलाब ते यंत्रराज: एका उपकरणाच्या नावाचा प्रवास

१/
शके १२९२, म्हणजे इ. स. १३७०. दिल्लीच्या तख्तावर फिरोजशाह तुघलक होता. त्याच्या दरबाराशी संबंधित असलेल्या महेंद्रसूरी नावाच्या एका जैन मुनींनी संस्कृतात एक ग्रंथ रचला. ग्रंथाचा विषय होता पितळेचे एक गोल, हातात मावणारे उपकरण. ग्रीक, अरबी, फारसी आणि लॅटिन या चारही भाषांत त्याला जवळपास एकच नाव होते. महेंद्रसूरींनी ते नाव स्वीकारले नाही. त्यांनी त्याला ‘यंत्रराज’ म्हटले.

२/
हे उपकरण इंग्रजीत ‘ॲस्ट्रोलेब’ आणि अरबी-फारसीत ‘अस्तुरलाब’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या नावाचा खरा अर्थ काय, निरनिराळ्या लोकांनी तो काय समजला आणि संस्कृतात ते नाव का बदलले, याचा हा इतिहास. कोणाचे ज्ञान कोणाकडून आले, आणि ते मोकळेपणाने कोणी सांगितले, हा प्रश्नही या इतिहासात आहे.

३/
प्रथम उपकरणाची ओळख. अस्तुरलाब म्हणजे सपाट केलेले आकाश. आकाशाचा गोल एका विशिष्ट भौमितिक पद्धतीने तबकडीवर उतरवला की गोलावरील वर्तुळे तबकडीवरही वर्तुळेच (क्वचित सरळ रेषा) राहतात. त्यामुळे आकाशाचा नकाशा कंपास आणि पट्टी यांच्या साहाय्याने पितळेवर कोरता येतो. या उपकरणाचा सारा आधार हे एक गणिती सत्य आहे.

४/
एका उथळ, काठ उचललेल्या तबकडीत पातळ पत्रे बसवलेले असतात. प्रत्येक पत्रा एका अक्षांशासाठी कोरलेला. त्यावर ताऱ्यांची जाळीदार तबकडी फिरते. जाळीचे प्रत्येक टोक म्हणजे एक ठळक तारा. मागच्या बाजूस अंश कोरलेले असतात आणि मध्यभागी खिळलेली, छिद्रे असलेली एक फिरती पट्टी असते.

५/
वापर असा: उपकरण कडीने टांगून धरावे. पट्टीच्या छिद्रांतून तारा पाहावा व त्याचे क्षितिजापासूनचे उन्नतांश वाचावेत. मग पुढच्या बाजूची जाळी फिरवून त्या ताऱ्याचे टोक तितक्याच अंशांच्या वर्तुळावर आणावे. त्या क्षणी तबकडीवरचे आकाश आणि डोक्यावरचे आकाश एकरूप होतात. रात्रीची वेळ, उगवती रास, मावळणारा तारा, सारे एका दृष्टिक्षेपात कळते.

६/
आता नाव. ग्रीक भाषेत ‘आस्त्रॉन’ म्हणजे तारा आणि ‘लाम्बानेइन’ म्हणजे घेणे, पकडणे. ‘आस्त्रोलाबोस’ म्हणजे तारा पकडणारा. येथे पकडणे म्हणजे ताऱ्याचे स्थान मापात घेणे. नाव नेमके आहे. पण ते मुळात या तबकडीचे नव्हते.

७/
इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्या उपकरणाला हे नाव दिले, ते एकात एक बसवलेल्या कड्यांचे होते. सपाट तबकडीमागचे गणित त्याने वेगळ्या ग्रंथात मांडले. कालांतराने कड्यांच्या उपकरणाचे नाव तबकडीला चिकटले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने या तबकडीवर जो ग्रीक ग्रंथ लिहिला, तो आज उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जुना होय.

८/
सातव्या शतकात सिरियातील बिशप सेव्हेरस सेबोख्त याने सिरियाक भाषेत यावर लिहिले. आठव्या शतकापासून बगदादच्या परिसरात हे ज्ञान अरबीत आले. अरबी विद्वानांनी असंख्य ग्रीक संज्ञा अनुवादित केल्या. या उपकरणाचे नाव मात्र त्यांनी ग्रीकच ठेवले. उच्चार झाला ‘अस्तुरलाब’.

९/
येथून खरी गंमत सुरू होते. परक्या भाषेतून आलेला शब्द ऐकणाऱ्याला अर्थहीन वाटतो, आणि अर्थहीन शब्द माणसाला स्वस्थ बसू देत नाही. अरबीत ‘सत्र’ म्हणजे ओळ, रेषा. त्याचे एक अनेकवचन ‘अस्तुर’. मग उरला ‘लाब’. तो कोण? लोकांनी उत्तर शोधले: लाब हा प्रेषित इद्रीसचा पुत्र. त्याने या रेषा आखल्या, म्हणून ‘अस्तुर-लाब’, अर्थात लाबच्या रेषा.

१०/
दुसरी कथा उपकरणाच्या जन्माची. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती नोंदवली आहे. टॉलेमी एकदा आकाशगोल हाती घेऊन प्रवासाला निघाला होता. गोल हातून निसटला, वाहनाच्या जनावराचा पाय त्यावर पडला आणि गोल चपटा झाला. ते पाहून टॉलेमीला सपाट आकाशाची कल्पना सुचली! कथा म्हणून ती अप्रतिम आहे, कारण गोल सपाट करण्याचे तत्त्व ती एका प्रसंगात समजावून देते. इतिहास म्हणून तिला आधार नाही.

११/
अशा कथांवर त्या काळीही सर्वांचा विश्वास नव्हता. दहाव्या शतकात शास्त्रांच्या परिभाषेचा कोश रचणारे अबू अब्दुल्लाह अल-ख्वारिझ्मी (‘अल्जिब्रा’शी नाव जोडलेले गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी वेगळे) यांनी लाबची व्युत्पत्ती निरर्थक ठरवली. शब्द ग्रीक आहे आणि अरबी रेषांशी त्याचा संबंध नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

१२/
याच शतकात इस्फहानच्या हमझा या विद्वानाने निराळा दावा केला. त्याच्या मते ‘अस्तुरलाब’ हे फारसी ‘सितारा-याब’ या शब्दाचे अरबी रूप होते. ‘सितारा’ म्हणजे तारा आणि ‘याब’ म्हणजे शोधणारा. ‘तारा शोधणारा’ हा अर्थ इतका चपखल बसतो की कोणालाही खरा वाटावा. हमझाला इराणी परंपरेचा मोठा अभिमान होता, हेही येथे लक्षात घ्यावे.

१३/
यावर अल-बीरुनीने लिहिले आहे. स्वतः मध्य आशियातील, फारसीचा जाणकार, तरी त्याने फारसीचा पक्ष घेतला नाही. हे ग्रीकांचे उपकरण आहे आणि त्याचे नाव ग्रीक आहे, असे त्याने नोंदवले. अर्थ मात्र ‘ताऱ्यांचा आरसा’ असा दिला. म्हणजे शब्दाचे कूळ त्याने बरोबर ओळखले, पण उत्तरार्धाचा अर्थ चुकला. मोठ्या विद्वानाची अर्धी चूक अर्ध्या सत्यासह नोंदवली गेली आहे.

१४/
हमझाची चूकही समजून घेण्याजोगी होती. ग्रीक ‘आस्तेर’, फारसी ‘सितारा’, संस्कृत ‘तारा’ आणि ऋग्वेदात येणारे ‘स्तृभिः’ (ताऱ्यांनी) हे रूप, या सर्वांचे मूळ एकच आहे. हे शब्द एकमेकांची भावंडे आहेत. हमझाला जे साम्य जाणवले, ते पूर्वार्धापुरते खरेच होते. परंतु भावंड असणे निराळे आणि अपत्य असणे निराळे. ‘सितारा’पासून ‘आस्त्रॉन’ झालेला नाही.

१५/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. आजही एखाद्या परकीय शब्दाचे मूळ संस्कृतात, तमिळमध्ये किंवा अरबीत असल्याचे दावे रोज वाचायला मिळतात. त्यांना लावायच्या कसोट्या याच उदाहरणात आहेत: शब्दाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कोणत्या भाषेत आहे? तो कोणत्या वाटेने पुढे गेला? त्या वाटेवरचे टप्पे ग्रंथांत दिसतात का? ‘अस्तुरलाब’च्या बाबतीत ग्रीक, सिरियाक, अरबी हा क्रम दिसतो. उच्चारसाम्य हा केवळ संशयाला आधार. तो पुरावा नव्हे.

१६/
पुढे हे नाव माणसांची ओळख झाले. उपकरण घडवणारे कारागीर स्वतःच्या नावापुढे ‘अल-अस्तुरलाबी’ लावू लागले. इब्न अल-नदीमच्या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीत अशा कारागिरांची यादी आहे आणि तिच्यात एक स्त्रीही आहे: अल-इजलीची कन्या अल-इजलिया. अलेप्पोचा अमीर सैफ अल-दौला याच्याकडे ती काम करी. आज ती ‘मरियम’ या नावाने सर्वत्र दाखवली जाते. इब्न अल-नदीमच्या नोंदीत ‘मरियम’ हे नाव नाही.

१७/
दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमार्गे हे उपकरण लॅटिन युरोपात पोहोचले. काही काळ तेथे एक प्रतिस्पर्धी नावही चालले: ‘वाझ्झाल्कोरा’. अरबीतील ‘गोल पसरणे’ या अर्थाच्या शब्दप्रयोगाचा तो लॅटिन अपभ्रंश. अर्थाच्या दृष्टीने ते नाव अधिक नेमके होते. टिकले मात्र ‘ॲस्ट्रोलाबियम’. ग्रीक शब्द अरबीचा फेरा मारून पुन्हा युरोपात आला.

१८/
या नवलाईचा ठसा किती खोल होता, हे एका बालकाच्या नावावरून दिसते. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रान्समधील तत्त्वज्ञ पीटर ॲबेलार्ड आणि विदुषी एलोईझ यांना पुत्र झाला. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘ॲस्ट्रोलेब’. आज एखाद्याने मुलाचे नाव ‘दुर्बीण’ ठेवावे, तसेच हे.

१९/
या प्रेमाचा शेवट क्रूर झाला. एलोईझच्या मामाने सूड म्हणून ॲबेलार्डचे पुरुषत्व हिरावून घेतले. दोघेही मठवासी झाले. ॲबेलार्डने मुलासाठी उपदेशपर काव्य रचले. ॲबेलार्डच्या मृत्यूनंतर एलोईझने क्लूनीच्या मठाधिपतीस पत्र लिहिले व आपल्या ॲस्ट्रोलेबला चर्चमध्ये एखादी जागा मिळवून द्यावी, अशी विनंती केली. एका उपकरणाचे नाव आईच्या विनवणीत आले आहे.

२०/
उपकरणाच्या भागांची नावेही प्रवासाला निघाली. उथळ तबकडीला अरबीत ‘उम्म’, म्हणजे आई. लॅटिनमध्ये ‘मातेर’, म्हणजे आईच. फिरत्या जाळीला अरबीत ‘अंकबूत’, म्हणजे कोळी. लॅटिनमध्ये ‘अरानेआ’, म्हणजे कोळी, आणि ‘रेते’, म्हणजे जाळे. सारे भाग एकत्र धरणाऱ्या पाचरीला अरबीत ‘फरस’, म्हणजे घोडा. युरोपातही तो घोडाच राहिला. मागच्या पट्टीचे ‘अल-इदादा’ हे नाव मात्र अनुवाद न होता ‘अलिदाद’ म्हणून आजही टिकून आहे.

२१/
इंग्लंडमध्ये कवी जेफ्री चॉसरने १३९१च्या सुमारास आपल्या दहा वर्षांच्या ल्यूइस या मुलासाठी या उपकरणावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. मुलाला लॅटिन फारसे येत नव्हते, हे त्याने कारण दिले. मुलाला दिलेल्या उपकरणातील पत्रा ऑक्सफर्डच्या अक्षांशाचा होता. आपण जुन्या ज्योतिर्विदांच्या श्रमांचे केवळ संकलक आहोत, असेही चॉसरने प्रांजळपणे लिहिले.

२२/
चॉसरच्या सुमारे वीस वर्षे आधी दिल्लीत महेंद्रसूरींचा ग्रंथ झाला होता. दोघांना एकमेकांची कल्पना असणे शक्य नव्हते. तरी दोघांच्या मागे एकच अरबी परंपरा उभी होती, आणि दोघेही ते ज्ञान आपल्या वाचकांच्या भाषेत आणत होते.

२३/
भारतात याची पूर्वतयारी जुनी होती. १०३०च्या सुमारास लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात अल-बीरुनी सांगतो की, आपण हिंदूंसाठी युक्लिड आणि ‘अल्माजेस्ट’ यांचे भाषांतर करत आहोत आणि अस्तुरलाब कसे घडवावे हे त्यांना सांगून लिहवून घेत आहोत. हे पंडित शिकवलेले सारे लगेच श्लोकांत बसवतात आणि मग ते समजणे कठीण होते, अशी त्याची तक्रारही आहे. पुढे महेंद्रसूरींनीही ग्रंथ श्लोकांतच रचला!

२४/
महेंद्रसूरी हे मदनसूरींचे शिष्य. ‘यंत्रराज’ ग्रंथाचे पाच अध्याय आहेत. गणित, यंत्राची घडण आणि त्याचा वापर असे विषय त्यांत येतात. पुढे त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांनी त्यावर टीका लिहिली. संस्कृतात या उपकरणावर झालेला हा पहिला उपलब्ध ग्रंथ होय.

२५/
‘यंत्रराज’ हेच नाव का? भारतीय ज्योतिषात पूर्वीपासून अनेक यंत्रे होती: शंकू, घटिकापात्र, चक्रयंत्र, फलकयंत्र. शंकू सावलीवर चाले, म्हणून रात्री निरुपयोगी. घटिकापात्र वेळ मोजी, पण आकाश दाखवत नसे. या एका तबकडीवर मात्र दिवसा सूर्यावरून व रात्री ताऱ्यावरून वेळ काढता येई, लग्न कळे, उंच वास्तूची उंचीही मोजता येई. अनेक यंत्रांचे काम एकटे करणारे ते यंत्रांचा राजा ठरले.

२६/
‘यंत्र’ शब्दाचाही अर्थ पाहावा. ‘यम्’ म्हणजे आवरणे, ताब्यात धरणे. ‘संयम’, ‘नियंत्रण’, ‘यंत्रणा’ हे मराठीतील रोजचे शब्द त्याच कुळातील. ग्रीक नावात ‘पकडणे’ आहे आणि संस्कृत नावात ‘ताब्यात धरणे’. हा केवळ योगायोग आहे. एक शब्द दुसऱ्याचा अनुवाद नाही. वर सांगितलेली कसोटी येथेही लावलीच पाहिजे.

२७/
नाव बदलणे म्हणजे मूळ लपवणे, असा आरोप येथे करता येत नाही. महेंद्रसूरी ग्रंथारंभीच सांगतात की या यंत्रावर यवनांनी आपल्या भाषेत अनेक ग्रंथ लिहिले आहेत. तो समुद्र मंथून आपण हे सार काढले आहे. समुद्रमंथनाची प्रतिमा अस्सल भारतीय, पण समुद्र कोणाचा हे त्यांनी झाकून ठेवले नाही.

२८/
‘यवन’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. तो मूळचा आयोनियातील ग्रीकांसाठी. सहाव्या शतकात वराहमिहिराने यवनांकडे हे शास्त्र उत्तम रुजले असल्याने ते ऋषींप्रमाणे पूज्य मानले जातात, असे लिहिले, तेव्हा त्याला ग्रीक अभिप्रेत होते. महेंद्रसूरींच्या काळी त्याच शब्दात अरबी-फारसी भाषक मुसलमान आले होते. उपकरणाचे मूळ निर्माते आणि ते भारतात आणणारे, दोघेही योगायोगाने एका शब्दात मावले.

२९/
ग्रंथात बत्तीस ताऱ्यांची सारणी आहे. तिच्याशी संबंधित संस्कृत उपकरणांवर रोहिणी, ब्रह्महृदय अशी परिचित नावे दिसतात. त्यांच्या शेजारीच ‘मत्स्योदर’ दिसते, म्हणजे अरबी ‘बत्न अल-हूत’, माशाचे पोट. आणि ‘प्रेतशिर’ दिसते, म्हणजे अरबी ‘रअस अल-घूल’, राक्षसाचे मस्तक. यालाच आज ‘अल्गोल’ म्हणतात. जाळीदार तबकडीला संस्कृतात नाव मिळाले ‘भपत्र’ (‘भ’ म्हणजे नक्षत्र, जसे ‘भचक्र’), आणि अक्षांशांच्या पत्र्यांना ‘अक्षपत्र’. कोळी आणि जाळे येथे आले नाहीत.

३०/
पुढची तीन-चार शतके भारतात दोन्ही नावे शेजारी नांदली. लाहोरात हुमायूनच्या काळातील अल्लाहदाद या कारागिराच्या घराण्याने चार पिढ्या उत्कृष्ट अस्तुरलाब घडवले. स्वाक्षरीत ते ‘अस्तुरलाबी’ असे अभिमानाने कोरत. पश्चिम भारतात देवनागरी अक्षरांचे यंत्रराज घडत होते.

३१/
अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने जयपूरच्या वेधशाळेत सुमारे अडीच मीटर व्यासाचा यंत्रराज टांगला. हातात धरायचे उपकरण माणसाहून मोठे झाले. त्या वेधशाळेला लोक ‘जंतरमंतर’ म्हणतात, आणि त्यातला ‘जंतर’ म्हणजे ‘यंत्र’च.

३२/
मराठी वाचकाला या इतिहासाचा दुवा १८९६ साली मिळाला. कोकणातील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या मराठी ग्रंथात महेंद्रसूरींच्या ‘यंत्रराजा’ची शककाळासह नोंद घेतली. भारतीय ज्योतिषाच्या थोरवीवर त्यांची श्रद्धा होती, तरी कोणता ग्रंथ कोणत्या काळचा, हे ते ग्रंथातील पुराव्यानेच ठरवत.

३३/
एका उपकरणाच्या नावाचे असे तीन प्रकार झाले. काहींनी ते परके नाव जसेच्या तसे जपले. काहींनी त्यात स्वतःची भाषा ऐकली आणि लाबच्या रेषा किंवा ‘सितारा-याब’ घडवले. आणि महेंद्रसूरींनी नवे नाव दिले, पण पहिल्याच पानावर ऋण मान्य केले. पहिला आणि तिसरा मार्ग प्रामाणिक आहे. दुसरा मोहक आहे, आणि म्हणूनच त्याच्याबाबत अभ्यासकाने सर्वाधिक सावध राहावे.

३४/
जयपूरला गेल्यास विशाल सम्राटयंत्रापुढे थक्क होऊन परत फिरू नये. टांगलेल्या धातूच्या तबकडीपाशी थांबावे. तिच्यावरची वर्तुळे ग्रीक गणिताची आहेत, घडण अरबी-फारसी परंपरेतून आली आहे आणि नाव एका जैन मुनींनी दिल्लीत दिलेले आहे. तेथील फलकावर ते आजही तसेच आहे: यंत्रराज.

#इतिहास #खगोलशास्त्र #शब्दांच्या_गोष्टी